आजारांची सोयरीक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. शंभर भाकरी थापायला सांगा, दमणार नाही. पण येथे उभी राहिले आणि पाय लटपटू लागले. तरी बोलते, कारण गोष्ट आपल्या घरातलीच आहे. आकडे भाच्याने चिठ्ठीवर लिहून दिले आहेत.

माझ्या धाकट्या मुलीला अकराव्या वर्षी मधुमेह निघाला. इन्शुलिन टोचावेच लागते तो, पहिल्या प्रकारचा. माझ्या थोरल्या बहिणीला कोड आहे. माझी स्वतःची बोटे आमवाताने सकाळी वळत नाहीत. झाले! सासरी एकच बोल निघाला, "हे सगळे माहेरचे." पाच वर्षे मी तो ऐकला आणि, खरे सांगते, मलाही तो पटला होता.

मग एका डॉक्टरीणबाईंनी समजावून दिले. कोड, आमवात, हा मधुमेह, थायरॉइडची पुष्कळशी दुखणी, यांची नावे वेगळी पण चाल एक. राखणीचा कुत्रा घरच्याच माणसाला चावावा, तशी रोग हटवणारी शक्ती आपल्याच शरीरावर उठते. कोठे सांध्यांवर, कोठे कातडीच्या रंगावर, कोठे इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर.

ही सोयरीक कळली कशी? २००७ साली विलायतेत सात आजारांचे प्रत्येकी सुमारे २००० रोगी आणि ३००० इतर माणसे घेऊन त्यांची जनुके ताडून पाहिली. पीटीपीएन-बावीस नावाच्या जनुकातला (काय ही नावे!) एक फरक आमवातवाल्यांत आणि ह्या मधुमेहवाल्यांत, दोन्हींत, इतरांहून जास्त दिसला. गंमत अशी की क्रोन नावाच्या आतड्याच्या दुखण्यापासून तोच फरक थोडा बचाव करतो.

आपण वाकळ शिवतो, तेव्हा आईच्या एका जुन्या लुगड्याचे तुकडे तीन वाकळांत जातात. तसेच हे. पण एका तुकड्याने वाकळ होत नाही. पुष्कळ जमावे लागतात, शिवाय बाहेरचे काही निमित्त लागते. अगदी एकसारख्या जुळ्या बहिणींतही एकीला आमवात असला, तर दुसरीला बहुतेक वेळा नसतो. मग कोड असलेल्या बाईच्या मुलीचे स्थळ नाकारणाऱ्यांनी कोणता हिशेब केलेला असतो, कोण जाणे. माझ्या भाचीचे दोनदा मोडले आहे.

आणखी एक. तो पीटीपीएन-बावीसचा फरक आपल्या लोकांत क्वचितच सापडतो. विलायती मापाचे पोलके आपल्याला जसेच्या तसे कसे बसावे? म्हणून पुण्याचे काम मला मोलाचे वाटते. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडातले एक्झीटर विद्यापीठ यांनी पुण्यातले पहिल्या प्रकारचे २६२ मधुमेही, दुसऱ्या प्रकारचे ३५२ आणि मधुमेह नसलेली ३३४ माणसे तपासली. २०२० साली ते प्रसिद्ध झाले. जनुकांतल्या नऊ जागा युरोपातल्या रोग्यांशी जुळल्या, काही ठिकाणी मात्र फरक निघाला. अशा जनुकांची बेरीज मांडून मधुमेहाचे दोन प्रकार आपल्या लोकांतही वेगळे ओळखता येतात, हे त्यातून दिसले. एखाद्या तरुण पोराला गोळ्या पुरतील की इन्शुलिनच हवे, हे ठरवायला त्याची मदत होईल. चुकले तर जिवाशी गाठ असते, हे मी पाहिले आहे.

डॉक्टरीणबाईंनी मुलीची थायरॉइडची तपासणीही करवली. ह्या मधुमेहाच्या मुलांची ती करायची असते. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे मूल असेल, तर जरूर विचारा. दोष निघाला, अगदी सुरुवातीचा. मग बाईंनी कागदावर दोन्हीकडची माणसे मांडली आणि विचारले, "थायरॉइड कोणाला आहे?" मी गप्प. आमच्याकडे कोणालाच नाही. हे जरा घुटमळले आणि म्हणाले, "आमच्या आईला. वीस वर्षे गोळी घेते."

तो कागद सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा पाहिला. बोलल्या काही नाहीत. पण आता रोज सकाळी उपाशीपोटी आजी आणि नात एकाच तांब्यातले पाणी घेऊन गोळी घेतात, आणि नात विसरली तर आजीच हाक मारते.

बाकी पाने वाढायची वेळ झाली आहे, मी बसते.