एकशे बावीस वर्षांची फाइल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "तू विम्यात होतीस, तर निवृत्तीनंतरच्या पैशांवर पंधरा मिनिटं बोल." मी हो म्हणून टाकलं. पण सकाळपासून इथे बघतेय, निम्मे जण गुडघ्यांवर बोलताहेत आणि निम्मे नातवंडांवर. पैशांचं काय व्हायचं ते एव्हाना झालंय. म्हणून विषय माझ्या मनाने बदलते. विम्याच्या कचेरीत मी चौतीस वर्षं लोकांची वयं तपासली. त्या सगळ्या वर्षांत एका बाईची गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. ती आज सांगते.

फ्रान्समध्ये घर विकण्याची एक पद्धत आहे. घरमालक म्हातारा असतो. घेणारा त्याला एकरकमी पैसे देत नाही, दरमहा ठरलेली रक्कम देतो, आणि मालक जिवंत असेपर्यंत त्याच घरात राहतो. मालक गेला की घर घेणाऱ्याचं. म्हणजे मालक लवकर गेला तर घेणाऱ्याचा फायदा, आणि लांबला तर मालकाचा. ऐकायला वाईट वाटतं, पण सगळं कायद्याने, नोटरीसमोर होतं.

1965 साली दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल या गावात असा एक करार झाला. विकणारी बाई होती 90 वर्षांची, मागे कुणी वारस नाही. घेणारे आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे 47 वर्षांचे, आणि ते स्वतःच नोटरी. दरमहा 2500 फ्रँक ठरले. विम्यातल्या कुणालाही विचारा, नव्वदीच्या बाईची किती वर्षं धरशील? चार धरेल, फार तर पाच. राफ्रेसाहेबांचा हिशेब चुकला असं मी तरी म्हणणार नाही. मीही तोच केला असता.

ते तीस वर्षं पैसे भरत राहिले. डिसेंबर 1995मध्ये, 77व्या वर्षी, ते वारले. एव्हाना नऊ लाखांच्या आसपास फ्रँक देऊन झाले होते, घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. आणि बाई जिवंत होत्या. करार करारच, त्यामुळे पुढचे हप्ते राफ्रे यांच्या पत्नीने भरले.

त्या बाईंचं नाव झान कालमाँ. जन्म 21 फेब्रुवारी 1875, मृत्यू 4 ऑगस्ट 1997. वय 122 वर्षं आणि 164 दिवस. कागदपत्रांनी सिद्ध झालेलं एवढं आयुष्य आजवर दुसऱ्या कुणाचं नाही. 120 ओलांडलेली ती एकच व्यक्ती. जपानच्या काने तानाका 2022मध्ये गेल्या, त्याही 119ला थांबल्या.

1875 म्हणजे कधी? आयफेल टॉवर उभा राहायला अजून चौदा वर्षं होती. आपल्याकडे त्याच साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती जाळली. तेव्हा पाळण्यात असलेलं मूल, आपण दहावी होऊन नोकरीला लागलो, लग्नं झाली, आपली पोरं शाळेत जायला लागली, तरी होतं. मला हे अजूनही नीट पचत नाही.

आर्ल हे नदीकाठचं जुनं गाव. वडिलांचा नावा बांधायचा धंदा. ते नव्वदी ओलांडून गेले, भाऊ 97 वर्षांचा होऊन गेला, म्हणजे दीर्घायुष्य घरातच होतं. 1896मध्ये लग्न झालं ते नात्यातल्याच फेर्नाँ कालमाँशी. चुलत घराण्यातलंच स्थळ. त्यामुळे बाई माहेरच्याही कालमाँ आणि सासरच्याही कालमाँ. मामाच्या घरी दिलेल्या आपल्या वर्गातल्या तिघी-चौघी हसताहेत, त्यांना हे लगेच कळलं!

नवऱ्याचं कापडाचं मोठं दुकान होतं, वरच्या मजल्यावर घर. बाईंना कधी नोकरी करावी लागली नाही, पैशांची चिंता करावी लागली नाही. टेनिस, सायकल, पोहणं, पियानो, नवऱ्याबरोबर शिकारीला जाणं. जास्त जगण्याचं रहस्य म्हणून लोक ऑलिव्ह तेल आणि चॉकलेट सांगतात. मला विचाराल तर त्यातलं पहिलं कारण हे: सबंध तरुणपण त्या बाईने घागरभर पाणी लांबून आणलं नाही. मांजरेच्या वाळूतला झरा उपसून पाणी भरलेल्या आपल्या आयांना 122 कुठून येणार? अर्थात सुखवस्तू बायका जगात लाखो झाल्या आणि त्या काही इतक्या जगल्या नाहीत. तेव्हा हे कारणही अर्धंच.

1888मध्ये व्हॅन गॉग हा चित्रकार आर्लला राहायला आला, तेव्हा ही मुलगी तेरा वर्षांची. तो आमच्या दुकानात आला होता, असं त्या सांगत. आणि काय आठवण सांगायच्या? दिसायला कुरूप, बोलायला उर्मट, अंगाला दारूचा वास. ज्याची चित्रं आज शेकडो कोटींना जातात त्याच्याबद्दल गावातल्या एका मुलीचं हे मत. मला हे फार आवडतं. 1988मध्ये त्याच्या येण्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा पत्रकार त्याला पाहिलेलं माणूस शोधत आले, आणि तेव्हापासून बाईंना जग ओळखू लागलं.

आता जी बाजू वर्तमानपत्रांत कमी येते ती सांगते.

त्यांना एकच मुलगी, इव्हॉन. 1898चा जन्म. मोठी झाली, लष्करातल्या एका अधिकाऱ्याशी लग्न झालं, मुलगा झाला. पुढे छातीचं दुखणं लागलं आणि जानेवारी 1934मध्ये, 36व्या वर्षी, ती गेली. नातू फ्रेदेरिक सात वर्षांचा. त्याला आजी-आजोबांनी वाढवलं. 1942मध्ये नवरा गेला. नातू शिकला, डॉक्टर झाला. मग 1962मध्ये भाऊ गेला, जानेवारी 1963मध्ये जावई, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नातू मोटार अपघातात. त्याचंही वय 36, आईच्या वयाइतकंच. नातवाला मूलबाळ नव्हतं.

बाई तेव्हा 88 वर्षांच्या. त्यापुढे त्या आणखी चौतीस वर्षं जगल्या. मी कचेरीत काढली तेवढीच. "शतायुषी भव" हा आशीर्वाद आपण सहज देतो. कालमाँबाईंच्या आयुष्याचा तक्ता मांडला तर शेवटची चौतीस वर्षं रक्ताच्या जवळच्या माणसाचा एकही रकाना भरता येत नाही.

आणि तरी त्या रडत बसलेल्या दिसत नाहीत. शंभरीपर्यंत सायकल चालवली. जवळजवळ 110व्या वर्षापर्यंत एकट्या घरात राहिल्या, मग 1985मध्ये वृद्धाश्रमात गेल्या. 114व्या वर्षी पडून मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, त्यातूनही उठल्या. शेवटी शेवटी डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, ऐकूही फार कमी येत होतं, पण भेटायला येणाऱ्याला चिमटा काढायची सवय गेली नाही. मला त्या गोड आजीबाई वाटत नाहीत. हट्टी, थोड्या तोऱ्याच्या वाटतात. एवढं सोसायला ते लागत असावं.

आता माझ्या धंद्याचा प्रश्न: हे खरं कशावरून?

आपल्याकडे वय कसं ठरायचं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगं सहाचं झालं! मग मास्तरांनी जन्मतारीख लिहायची, 1 जून. आपल्या वर्गातले निम्म्याहून जास्त जण 1 जूनचे. म्हणून सरकारी नोकरीतले सगळे 2022च्या 31 मेला एकदम निवृत्त झाले, आणि मी 2024च्या. सर, तुम्ही हसताय, पण तुमच्या त्या एका ओळीवर माझी नोकरी, बढती, पेन्शन सगळं उभं आहे. आणि तुम्ही लिहिलंत म्हणून तरी काही आहे.

माझ्या आजीजवळ तेही नव्हतं. ती बोधनकडची, शेवटपर्यंत चिडली की तेलुगूत बोलायची. शाळा पाहिलेली नाही. लग्नात नाव बदललं, त्यामुळे माहेरच्या नावाची मुलगी कुठल्याच कागदावर नाही. तिचं वय खुणांवर होतं. मानमोडीच्या साथीत तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती. बोधनला शक्कर कारखाना निघाला तेव्हा आमचे थोरले काका पाळण्यात होते. पोलीस ॲक्शनच्या वेळी चार लेकरं घेऊन नदीपलीकडे लपली होती. मानमोडी 1918ची, कारखाना 1937 सालचा, पोलीस ॲक्शन सप्टेंबर 1948. मी हिशेब मांडला, जन्म 1917च्या शेवटाला पडतो. खुणा एकमेकींशी जुळतात. माझ्या मते आजी अगदी पक्की साक्षीदार होती.

पण आजोबा गेल्यावर, 1985च्या सुमाराला, तिच्या निराधारच्या पगारासाठी अर्ज केला, त्याला वयाची अट होती. ज्याने दाखला लिहायचा त्याने तोंड उघडायला लावलं, दात पाहिले. दात शाबूत होते. लिहिलं, "अंदाजे 58". माझे वडील भांडले. आजी म्हणाली, "लिव्हू दे की बापू. त्यानं लिव्हलं म्हून मी तान्ही व्हनार हाय का?" पगार मिळायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. पुढे 2009मध्ये ती वारली, तेव्हा चुलतभावाने हौसेने बातमी दिली: एकशे दहा वर्षांच्या आजींचे निधन. माझ्या हिशेबाने 91. म्हणजे जिवंतपणी कागदावर दहा वर्षांनी लहान आणि मेल्यावर एकोणीस वर्षांनी मोठी.

आमच्या चुलतभावासारखी माणसं सगळ्या जगात आहेत. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाने दाखवलं की अमेरिकेत ज्या राज्यात जन्मनोंदणी नीट सुरू झाली, तिथे 110 ओलांडलेल्यांची संख्या एकदम घसरली. नोंदी जितक्या कच्च्या तितके म्हातारे जास्त! त्याला 2024मध्ये इग्नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, पण गोष्ट गमतीची नाही.

कालमाँबाईंचं तसं नव्हतं. फ्रान्समध्ये 1792पासून जन्म, लग्न, मृत्यूची नोंद सरकारदरबारी होते. (आपला जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969चा, म्हणजे आपल्या सगळ्यांपेक्षा लहान.) जन्माची नोंद, लग्नाची नोंद, ठरावीक वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीत नाव. जाँ-मारी रोबिन आणि मिशेल अलार या संशोधकांनी त्या जिवंत असतानाच हे सगळं तपासलं, शिवाय त्यांना बसवून शिक्षक, नोकरचाकर, नातेवाईक यांच्याबद्दल विचारलं आणि उत्तरं कागदांशी ताडून पाहिली.

तरी 2018मध्ये शंका निघाली. निकोलाय झाक या रशियन गणितज्ञाने मांडलं की 1934मध्ये मुलगी मेलीच नाही. मेली आई, आणि वारसाकर वाचवायला मुलीने आईचं नाव घेतलं. म्हणजे 1997मध्ये गेलेली बाई 99 वर्षांची इव्हॉन. जुने फोटो, उंची, डोळ्यांचा रंग, जाळून टाकलेले कागद, असे बरेच मुद्दे त्याने काढले. शंका घेणं वाईट नाही, माझं अर्धं आयुष्य त्यावरच गेलं.

पण जरा विचार करा. तसं झालं असेल तर 36 वर्षांच्या मुलीने स्वतःच्या बापाची बायको म्हणून गावात वावरायला हवं. सात वर्षांच्या पोराने आईला आजी म्हणायला हवं, आणि मोठा होऊन डॉक्टर झाल्यावरही तोंड बंद ठेवायला हवं. बाजारपेठेतलं दुकान, गिऱ्हाइकं, शेजारी, अंत्ययात्रेला आलेले लोक, कुणी एक शब्द बोलायला नको. बिलोलीत हे आठ दिवस तरी लपलं असतं का? कुंडलवाडीपर्यंत संध्याकाळच्या एसटीने बातमी गेली असती! शिवाय फ्रेंच संशोधकांनी 2019मध्ये उत्तर दिलं त्यात जावयाच्या लष्करी नोंदी पुढे आल्या. बायकोच्या आजारपणासाठी त्याने 1928पासून लांब रजा घेतलेली होती. आजारी कोण होतं ते यावरून कळतं. झाक यांचं समाधान झालं नाही, पण बहुतेक तज्ज्ञ मूळ वयच धरून चालतात.

माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मी दोन दिवस ठेवून घेतली असती, सगळे कागद पुन्हा वाचले असते, आणि मंजूर करून सही केली असती.

आजीची फाइल आली असती तर? जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही, नाव जुळत नाही, वय अंदाजे. मानमोडी, शक्कर कारखाना आणि पोलीस ॲक्शनसाठी आमच्या फॉर्मवर रकानाच नव्हता. नियमाप्रमाणे मला ती "पुराव्याअभावी परत" असा शेरा मारून पाठवावी लागली असती.