कलघटगीच्या आडवाटांवर सायकल

फ्रान्समधले सायकलस्वार महामार्ग टाळून 'डी' क्रमांकाचे छोटे जिल्हा रस्ते धरतात. धारवाड जिल्ह्यातल्या आपल्या कलघटगीतही तसंच करावं. हुबळी-कारवार महामार्गावर अवजड ट्रकची रीघ असते. तिथे सायकलीला सुख नाही. त्यापेक्षा धारवाडहून निगदीमार्गे या. हुबळीकडची काळी कापसाची जमीन मागे राहते, तांबडी माती लागते, भाताची खाचरं दिसू लागतात. मलनाड या डोंगराळ प्रदेशाची ही वेसच! पुढे देवीकोप्पचं जंगल, मग तंबूरचं बसवण्णा मंदिर. पावसानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पहाटेच निघा. पंक्चरचं सामान आणि भरपूर पाणी सोबत हवंच. कलघटगीत थांबलात तर इथले प्रसिद्ध रंगीत लाकडी पाळणे जरूर बघा. त्यांवरची चित्रं निवांतपणे पाहण्यासारखी असतात.