गारपीट, पंचनामा आणि सातबारा नसलेली माणसे

(लासलगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वादळाच्या पूर्वतयारीवर बोलण्यासाठी लासलगावला निघालो आहे असे सांगताच एका स्नेह्याने थट्टेने विचारले, समुद्रापासून इतक्या दूर, कांद्याच्या गावात वादळाचे काय काम? त्याला मी ३ जून २०२० ची आठवण करून दिली. त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत धडकले आणि घाट ओलांडून त्याचा वारा-पाऊस आपल्या नाशिक जिल्ह्यापर्यंत आला. उन्हाळ कांदा तेव्हा चाळीत होता. परंतु आपले खरे वादळ नाव धारण करून येत नाही. दुपार कलता आभाळ काळवंडते, पंधरा-वीस मिनिटे गारा कोसळतात आणि शेतकऱ्याचे वर्ष बुडते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांना हा मार बसला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा अशाच झोडपल्या गेल्या. त्या बागा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. मी वर्णन करीत बसत नाही.

तयारीने काय साधते हे ओडिशाने दाखवून दिले आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमधील महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये 'फायलिन' आले तेव्हा मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत तेथे निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, सूचना वेळेवर पोहोचू लागल्या आणि सुमारे दहा लाख लोक आधीच हलविले गेले.

मात्र द्राक्षबाग काही निवाऱ्यात हलविता येत नाही. कोकणातही 'निसर्ग'च्या वेळी पूर्वसूचनेमुळे जीवितहानी थोडी झाली, पण नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि पोफळ पुन्हा धरायला वर्षे लागतात. म्हणून जीव वाचविण्याच्या तयारीइतकाच उपजीविका वाचविण्याच्या तयारीचा विचार केला पाहिजे. आणि येथे प्रश्न हवामानशास्त्राच्या हातून निसटून अर्थशास्त्राच्या हाती येतो. बागेवर प्लास्टिकचे आच्छादन घालता येते, परंतु त्याला एकरी काही लाख रुपये लागतात. ज्याच्यापाशी ते आहेत त्याचीच बाग वाचते.

विमा आहे, असे सांगितले जाते. तो कसा आहे ते पाहा. फळपिकांचा विमा हवामानकेंद्राच्या नोंदींवर चालतो आणि गारपिटीसाठी वेगळा, जादा हप्ता भरावा लागतो. कांद्यासारख्या पिकांना २०१६ च्या पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीचे संरक्षण होते. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळविले तर आपल्या शेतापुरती पाहणी होई. काढून शेतात सुकत ठेवलेल्या पिकालाही १४ दिवसांपर्यंत आधार होता. एकदा का कांदा चाळीत गेला की मग काहीच नाही. भावाची वाट पाहणारा शेतकरी छप्पर उडण्याची सारी जोखीम एकट्याने वाहतो. २०२३ साली राज्याने एक रुपयात विमा दिला, २०२५ साली तो बंद केला आणि त्या वर्षीच्या खरिपासाठी स्थानिक आपत्तीचा निकषही वगळून भरपाई केवळ पीककापणी प्रयोगातल्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. गारपिटीचा स्वभावच असा की एक शिवार झोडपले जाते आणि शेजारचे कोरडे राहते. त्या दोहोंची सरासरी काढली की नुकसान कागदावर दिसेनासे होते. सरासरी शिकविण्यात माझा जन्म गेला, म्हणून तिची ही खोड मला ठाऊक आहे.

आणि एवढे सारे झाले तरी ते सातबारा असणाऱ्यांपुरतेच. पंचनामा पिकाचा होतो; तेहतीस टक्के नुकसान भरले तर मदत मिळते. वाट्याने शेत करणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसते. पेठ-सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेली कुटुंबे, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाया, हमाल, यांचा रोज बुडतो तो कोणत्याही रकान्यात बसत नाही. बाग गेली की तोडणी गेली, छाटणी गेली, उचल मात्र अंगावर राहिली. २०१४ नंतर अशाच एका बागेच्या बांधावर एक बाई मला म्हणाली, "मालकाची बाग मोजली, आमचे दिवस कोण मोजणार?" मजपाशी उत्तर नव्हते.

महाराष्ट्राने असे उत्तर पूर्वी एकदा शोधले होते. १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेला धरून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आपत्तीत भूमिहीनाचाही हक्क आहे हे राज्याने मान्य केले. (खडी फोडून काय निष्पन्न होणार, असा सवाल करण्यात आम्ही अर्थशास्त्राचे मास्तर पुढे होतो, हेही कबूल करतो.) दुष्काळाला जे लागू झाले ते गारपिटीला का नसावे? बुडालेल्या दिवसांची मजुरी हा मदतीच्या निकषांतला एक रकाना झाला पाहिजे.

विजेचेही असेच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची आगाऊ सूचना देते. परंतु बागेत वीस बाया काम करीत असतात आणि मोबाइल मुकादमाच्या खिशात असतो. सूचना आली की काम थांबवायचे, झाडाखाली उभे राहायचे नाही, पक्क्या छपराखाली जायचे, आणि थांबलेल्या तासाची मजुरी कापायची नाही. यातले शेवटचे कलम मान्य झाल्याखेरीज पहिली तीन पाळली जाणार नाहीत.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याचे प्राधिकरण असते; जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी पाहून सुधारावा असेही तो कायदा सांगतो. तो आराखडा मागा, वाचा, त्यात मजूर कोठे आहे ते शोधा. आणि येत्या फेब्रुवारीपूर्वी प्रत्येक गावात एक वही करा: कोण कोणाच्या बागेत राबतो, कोण कोणाचे शेत वाट्याने करतो, कोणत्या वस्तीवर पत्र्याची घरे आहेत, अंथरुणाला खिळलेले माणूस कोठे आहे. गारा पडल्या की पंचनाम्यासोबत बुडालेल्या दिवसांची यादी ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदारांकडे गेली पाहिजे. पहिल्या वर्षी ती परत येईल. दुसऱ्या वर्षी पुन्हा द्यायची. मी तीस वह्या आणल्या आहेत, दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना आपापल्या गावाचे नाव घालून एकेक घेऊन जा.