वाटणे : एका शब्दाचे अनेक वाटे

(वाचनालयाच्या शतक महोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाची संहिता)



विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारी मंडळाने मला दिली, तेव्हा मी एक साधे क्रियापद निवडले. पेडणे आणि डिचोली महालांतील घरांत, बाजारांत आणि कचेऱ्यांत ते रोज उच्चारले जाते. ते क्रियापद म्हणजे 'वाटणे'.

आपण पेढे वाटतो, पाट्यावर खोबरे वाटतो आणि आपल्याला बरे वाटते. लेखनात ही तिन्ही रूपे आज सारखी दिसतात. परंतु विभागून देण्याचे 'वाटणे' हा मुळात निराळा शब्द आहे. संस्कृतातील 'वण्ट्' या धातूपासून तो आला. हिंदीतील 'बाँटना' हा त्याचाच भाऊ. मुळातल्या अनुनासिकाची खूण म्हणून जुन्या मराठीत तो 'वांटणें' असा लिहीत. मोल्सवर्थच्या कोशात 'वांटणें' आणि 'वाटणें' यांना वेगवेगळ्या जागा आहेत. पुढे उच्चारात न उरलेले अनुस्वार वगळावेत, असा नियम मराठी साहित्य महामंडळाने केला. १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने तो स्वीकारला आणि ते टिंब गेले. नियमाशी माझे भांडण नाही. जे तोंडी नाही ते विद्यार्थ्याने का पाठ करावे? गोव्यात मात्र तो उच्चार गेलेला नाही. आपल्या बोलीत 'वांटो' म्हणताना स्वर नाकातून येतो. मसाला वाटण्याविषयी बोलताना येत नाही. मराठीच्या जुन्या लेखनाचे मर्म आपल्याकडे आजीच्या कोकणीत जिवंत आहे.

आता बाजारात चला. मासळीवाली बांगड्यांचे, तारल्यांचे लहान लहान ढीग मांडते. त्या ढिगाला 'वाटा' म्हणतात. तेथे तराजू नसतो. नजर हेच माप. गिऱ्हाईक एका वाट्यावरून दुसऱ्यावर दृष्टी फिरवते, कुरकुरते, आणि बहुधा वर एखादा मासा पडतो. अशा रीतीने वाटा दोघांच्या संमतीने ठरतो.

वाटा दैवाचाही असतो. सुख-दुःख 'वाट्याला येते'. भांडखोर माणसाच्या मात्र 'वाट्याला जाऊ नये'. 'येणे' आणि 'जाणे' या क्रियापदांनी अर्थ कसा पालटला पाहा. दैव म्हणजे वाटणी ही कल्पना केवळ आपली नाही. अरबीतून आलेल्या 'नशीब' शब्दाचा मूळ अर्थ हिस्सा. 'किस्मत'च्या मुळाशीही विभागणेच आहे. आपले 'भाग्य' हे 'भाग'शी जोडलेले, आणि दोहोंचा धातू 'भज्', म्हणजे वाटणे, वाटून घेणे. 'भक्त' आणि 'विभक्त' हे दोन्ही शब्द याच धातूचे. देवाशी जोडलेला तो भक्त आणि भावापासून तुटलेला तो विभक्त!

विभक्त होण्याचा प्रश्न आला की शब्दाला धार येते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० मध्ये अमलात आली. तिने मुलगा आणि मुलगी यांना वारसा हक्कात समान मानले, आणि मिळकतीचा ठरावीक भाग मृत्युपत्रानेही मुलांपासून हिरावता येऊ नये अशी तरतूद केली. देशात इतरत्र एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. महाराष्ट्रासारख्या काही राज्यांत ती थोडी आधी झाली होती. याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे.

पण आपली भाषा काय सांगते? भावाला वाटा 'मिळतो', 'येतो'. बहीण मात्र वाटा 'मागते'. 'बहीण वाटा मागायला आली' हे वाक्य आपल्या गावांत कोणत्या सुरात उच्चारले जाते, ते सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. जे तिचे आहेच, ते ती मागते कशी? कायद्याने दिलेले हे क्रियापद हिरावून घेते. मग माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते, आणि आपण म्हणतो, 'तिने आनंदाने सोडले'. तिला काय वाटले, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. येथे दोन्ही 'वाटणे' एकत्र येतात, आणि त्यांतले एकच कागदावर नोंदले जाते.

नद्यांचेही वाटप होते. डिचोली तालुक्यातून वाहणारी वाळवंटी ही म्हादईची उपनदी. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. पाणी आकड्यांनी वाटता येते. त्यावर जगणारी रयत, कुळागरे आणि मासे यांची वाटणी करणे अवघड आहे.

भाषेची वाटणी तर त्याहून अवघड. १९६७ च्या जनमत कौलापासून १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंत आपण हा वाद जवळून पाहिला. कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले, मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली. कायद्याला रेषा आखावीच लागते. शब्दांना मात्र ती रेषा मानवत नाही. 'वांटो'वरचे ते टिंब मराठीच्या वाट्याचे की कोकणीच्या? ते सामाईक आहे, आणि सामाईक मिळकत दोघांनी राखायची असते.

म्हणून वाचनालयाला माझी एक विनंती आहे. देवघेवीच्या टेबलावर एक कोरी वही ठेवावी. घरातील वृद्धांच्या तोंडी असलेले असे शब्द, त्यांचा उच्चार आणि ते ज्या वाक्यात ऐकले ते वाक्य, सभासदांनी तीत लिहावे. बायकांच्या तोंडचे शब्द विशेष लिहावेत, कारण कोशांत त्यांच्या वाट्याला फार थोडी जागा आली आहे. शंभर वर्षे या संस्थेने आपल्याला पुस्तके दिली. एवढा वाटा आपण उचलू या.