लॅमिंग्टन रोड

घरातला रेडिओ अचानक मुका झाला, दुरुस्ती करणाऱ्याने “पार्ट मिळत नाही” म्हणून हात टेकले, की मुंबईचा माणूस लॅमिंग्टन रोड गाठतो. आज त्याच रस्त्याविषयी बोलायचं आहे.

ऑपेरा हाउसकडून मुंबई सेंट्रलच्या दिशेने जाणारा हा रस्ता. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव याला मिळालं. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच डी. बी. मार्ग, आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवताना प्राण देणारे तुकाराम ओंबळे याच डी. बी. मार्ग पोलिस ठाण्याचे. इथून जाताना त्यांची आठवण व्हायलाच हवी.

एकेकाळी हा रस्ता सिनेमाचा होता. अप्सरा, मिनर्व्हा, नाझ ही थिएटरं इथलीच. मिनर्व्हात १९७५ साली ‘शोले’ लागला तो पाच वर्षं मुक्कामाला राहिला. सत्तर एमएमचा पडदा आणि चहूबाजूंनी येणारा आवाज अनुभवायला लोक लांबून यायचे. पण धंद्याची खरी नाडी नाझच्या इमारतीत होती. तिथे वितरकांची कार्यालयं. कोणता सिनेमा कुठल्या टेरिटरीत केवढ्याला गेला, शुक्रवारचं कलेक्शन काय, याची खलबतं तिथे चालत.

थिएटरांची ती रया गेली. रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही, मग कॉम्प्युटर असं करत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराने रस्ता व्यापला. तरी मला वाटतं, रस्त्याने आपला धर्म बदलला नाही. लोकांपर्यंत चित्र आणि आवाज पोहोचवणं, हेच त्याचं काम राहिलं.

एखाद्या दुकानात शिरून पाहा. चिंचोळी जागा, छतापर्यंत छोटे छोटे खण. कुठे रेझिस्टर, कुठे कपॅसिटर, कुठे आयसी. प्रोजेक्टसाठी आलेली कॉलेजची मुलं कागदावरची यादी वाचत असतात. दुकानदार जळका पार्ट उजेडात धरतो, पुसट नंबर वाचतो आणि म्हणतो, “हा आता येत नाही, त्याच्या जागी हा लाव.” कंपनीने टाकाऊ ठरवलेली कितीतरी यंत्रं या एका वाक्यावर पुन्हा चालू झाली आहेत. ऑनलाइन खरेदीत वस्तू घरपोच येते, पण हा सल्ला येत नाही. म्हणून हा बाजार टिकावा असं मनापासून वाटतं.

जायचं तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा. रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. आणि बिघडलेला पार्ट आठवणीने बरोबर न्या.