वस्तूंचा बाजार आणि विद्येची साधना



दसरा-दिवाळी आली की भांडुप स्टेशनबाहेरच्या मोबाईलच्या दुकानांत गर्दी उसळते. चालता फोन बाजूला पडतो, हप्त्यावर नवा येतो. वस्तू वापरण्यात गैर काही नाही. परंतु वस्तू विकत घेणे म्हणजेच विज्ञानात पुढे जाणे, हा समज घातक आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकेने हवामानाच्या अभ्यासासाठी एक क्रे महासंगणक कडक अटींवर दिला. त्याहून समर्थ यंत्र मात्र नाकारले. पैसा असूनही विद्या विकत मिळत नाही, हा धडा देशाला मिळाला. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. अनेक लहान प्रोसेसर समांतर जोडून काम वाटून घेण्याची ती किमया होती. प्रोसेसर मात्र परदेशी होते, हेही विसरता कामा नये. पुढे २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियानासाठी ४५०० कोटी रुपये मंजूर झाले. २०२४ साली पुणे, दिल्ली व कोलकाता येथे ‘परम रुद्र’ राष्ट्राला अर्पण झाले.

भांडुप संकुलात शुद्ध झालेले पाणी मुंबईच्या घरोघरी पोहोचते. नळ सोडणाऱ्याला ते संकुल दिसत नाही. संशोधनाचेही तसेच आहे. उद्या घरातली लेक भरघोस पगार नाकारून प्रयोगशाळेत जाते म्हणाली, तर तिला अडवायचे की पाठीवर हात ठेवायचा? राष्ट्राचे उत्तर त्या घरातच ठरणार आहे.