आपली वही आपल्या हातात



समोर बसलेल्या तरुण वाटाड्यांपैकी अनेकांच्या घरी दसरा झाला की संसार ट्रकमध्ये चढतो. आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, म्हातारी माणसं आणि लेकरं मागे राहतात. मीही अशाच घरातला. त्यामुळे नोंदवहीवर बोलायचं म्हटलं की मला आधी मुकादमाची वही आठवते. कोणत्या कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, उचल किती, खाडे किती, खेपा किती, सगळं तिच्यात. हंगाम संपवून गावी आलं की ती वही उघडायची आणि वडिलांना सांगितलं जायचं, अजून फिटलं नाही, पुढच्या साली या. वडिलांनी सहा महिने पहाटे उठून ऊस तोडलेला असायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवलेल्या असायच्या. पण त्या सहा महिन्यांचा त्यांच्या बाजूचा एक कागदही घरात नव्हता. भांडायचं तर कशाच्या जोरावर?

आपण काम बदललं. कोयत्याच्या जागी दोर आणि दुर्बीण आली. पण आपल्या कामाची वही अजून दुसऱ्याच्याच हातात आहे. सहल घेऊन येणाऱ्यांच्या हिशेबात आपण ‘स्थानिक मदतनीस, एक’ असतो, तिथं नावसुद्धा नसतं. स्वयंपाकाला आलेली म्हणून ज्या मुलीची मजुरी लिहिली जाते, तीच शेवटच्या माणसामागं चालत रांग सांभाळत असते. ते कुठंच लिहिलं जात नाही. दहा वर्षं बीड जिल्ह्यातल्या सौताडा धबधब्याच्या दरीत माणसं उतरवून सुखरूप वर आणणाऱ्या पोराला कुणी अनुभव विचारला, तर तो म्हणतो, “लई वर्षं झाली, सर.”

मीही असंच म्हणायचो. मग एका शाळेच्या सहलीत धबधब्याखालच्या शेवाळलेल्या खडकावरून एक मुलगा घसरला. मांडीचं हाड मोडलं. झोळी करून त्याला वर आणला, दवाखान्यात पोचवला. मुलगा बरा झाला. आठ दिवसांनी चौकशी लागली. मुलं किती होती? निघालात किती वाजता? खडकावर जाऊ नका असं बजावलं होतं का, आणि कुणासमोर? मी बजावलं होतं, दोनदा. पण बरोबरच्या चार मोठ्या माणसांनी चार वेगळ्या वेळा सांगितल्या आणि सूचना दिल्याचं कुणालाच आठवेना. ती माणसं खोटं बोलत नव्हती. घाबरलेल्या माणसाला असंच अर्धंमुर्धं आठवतं. दोष माझ्या नावावर पडला. वडील जसे त्या वहीपुढं उभे राहायचे, तसाच मी रिकाम्या हातानं उभा होतो. त्या रात्री शंभर पानी वही आणली.

नोंद ठेवणं हे काही परक्या देशातून आणलेलं खूळ नाही. आपल्याच मराठी मुलखात महानुभाव पंथाच्या लोकांनी हे काम सातशे वर्षांपूर्वी केलं. म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या सहवासातली माणसं गाठली, त्यांना विचारलं आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढं चौदाव्या शतकात स्थानपोथी तयार झाली. चक्रधर कुठं राहिले, कुठं बसले, देवळाचं दार कोणत्या दिशेला, नदी कोणत्या अंगाला, हे तिच्यात जागोजाग नोंदलेलं आहे. आपल्या गेवराई तालुक्यातलं गोदाकाठचं पांचाळेश्वर हे त्या पंथाचं मोठं तीर्थ. तिथं माणसं नेणाऱ्यांनी स्थानपोथी एकदा तरी हातात घ्यावी. भक्तीनं घ्या, नाहीतर धंद्याचं पुस्तक म्हणून घ्या. त्या पोथीत उगाच विशेषणं नाहीत. ‘निसर्गरम्य’ हा शब्द लिहून त्यांनी जागा अडवली नाही. दिशा लिहिली, म्हणून पुढच्याला वाट सापडली.

तिकडे आल्प्समध्येही एकोणिसाव्या शतकात वाटाड्याजवळ एक छोटी वही असायची. जर्मन भाषेत तिला फ्यूररबुख म्हणतात, म्हणजे वाटाड्याची वही. चढाई संपली की पाहुणा तिच्यात स्वतःच्या अक्षरात अभिप्राय लिहायचा आणि पुढचा पाहुणा तो वाचून वाटाड्या ठरवायचा. ग्रिंडेलवाल्ड गावच्या क्रिस्टियान आल्मरची १८५६ ते १८९४ या काळातली वही इतकी मोलाची ठरली, की १८९६ मध्ये ती जशीच्या तशी छापली गेली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. त्याच वर्षी, सत्तरीत, लग्नाच्या पन्नाशीनिमित्त तो बायकोला घेऊन वेटरहॉर्न शिखरावर गेला होता. पण त्याच्या वहीबद्दल मला एक गोष्ट खटकते. तिच्यात पाहुणे बोलतात. त्या दिवशी बर्फ कसं होतं, मागं फिरावं असं कधी वाटलं, आल्मरला काय दिसलं, हे तिच्यात नाही. तीही वही दुसऱ्यानंच लिहिलेली.

म्हणून माझं सांगणं असं की डावं पान आपलं आणि उजवं पान पाहुण्याचं. पाहुण्यानं काय लिहायचं ते त्याच्यावर सोडा, फक्त सही आणि तारीख घ्या. डाव्या पानावर ठिकाण, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, माणसं किती, त्यात लहान किती, आभाळ कसं होतं, ओढ्याला पाणी घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, निघण्याआधी कोणत्या सूचना दिल्या. त्या दिवशी आपण पुढारपण केलं, मदतीला होतो, की एकटेच वाट बघायला गेलो, हे स्पष्ट लिहा. तिन्ही एका ढिगात घालून आकडा फुगवू नका. कुणाला औषधोपचार केला असेल तर काय केलं आणि किती वाजता. पाहुण्यांचे आजार आणि फोन नंबर मात्र वेगळ्या कागदावर ठेवा. ती त्यांची खासगी गोष्ट आहे, चार लोकांना दाखवायच्या वहीत तिचं काम नाही.

लिहायचं त्याच संध्याकाळी, जेवणाआधी. जेवलं की झोप येते आणि सकाळी नवी तुकडी उभी असते. चूक झाली तर पान फाडू नका. एक आडवी रेघ मारा, खालचं अक्षर वाचता येऊ द्या, बाजूला सही करा. फोनमध्ये फोटो असतात, वेळही असते, हे मला मान्य आहे. पण फोन डोहात पडतो, विकला जातो. पानाचा फोटो काढून घरी पाठवा आणि वहीही ठेवा.

दोन नोंदी आपण लाजेनं टाळतो, आणि त्याच सगळ्यांत महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे थोडक्यात निभावलं तो दिवस. दगड सुटला, पण कुणाला लागला नाही. गाठ चुकली होती, सोबत्याच्या ध्यानात आली. संध्याकाळी आपण हसून सोडून देतो. पण तोच दगड त्याच जागी तीन पावसाळ्यांत तीनदा सुटला, हे वहीशिवाय कळणार नाही. दुसरी नोंद मागं फिरल्याची. पैसे घेतलेले असतात, पाहुणे नाराज असतात, आणि आपल्याला वाटतं की हा दिवस वाया गेला. माझ्याकडे कुणी काम मागायला आला तर मी आधी त्याची मागं फिरल्याची पानं बघतो. एकही नसेल तर त्याच्या हाती मुलं देताना माझा जीव घाबरतो.

राज्य शासनानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं यांवर त्याचा भर आहे. उद्या तुम्हाला स्वतःच्या नावानं काम करायचं असेल, तर अनुभव सांगून भागणार नाही, दाखवावा लागेल. आणि वही फक्त आपल्या पोटापुरती नसते. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा गावोगाव अफवा उठल्या. ‘मागं कधीतरी ठसे दिसले होते’ असं सांगणारे खूप भेटतात. तारीख आणि ओढ्याचं नाव घालून लिहिलेली एक ओळ अशा वेळी कितीतरी कामाची. पाटोद्याजवळचं नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे. तिथला कोणता पाणवठा कोणत्या आठवड्यात आटला, मोरांचा पहिला नाच कधी दिसला, हे दरवर्षी लिहिणारी तुमच्यातली पाच पोरं निघाली तरी वनखात्याला आणि अभ्यासकांना तुमच्या दारी यावं लागेल.

मी माझी पहिली वही आज बरोबर आणली आहे. पानं भिजून फुगली आहेत. तिच्यातली एक नोंद अशी आहे: सौताडा. सकाळी सहा चाळीस. माणसं चौदा, लहान कुणी नाही. रात्रभर पाऊस. अर्ध्या पायऱ्या उतरलो, पुढच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. दरीतल्या रामेश्वराचं दर्शन न घेता मागं फिरलो. पाहुणे रागावले, उजव्या पानावर सही करायला तयार झाले नाहीत.

त्या दिवशी वडील सोबत होते. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी शाईचा पॅड मागितला आणि त्या रिकाम्या उजव्या पानावर, साक्षीदार म्हणून, अंगठा उठवला.